इंटेलच्या लेकी, काळी विहीर आणि चिपच्या बारशाचा एक सिद्धान्त

आमच्या मामांचा सकाळी साडेसातला फोन आला की समजायचं, पेपरात काहीतरी छापून आलंय. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते अर्थविषयक पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि जे कळत नाही ते माझ्यावर सोडतात.

"अरे, ही ब्लॅकवेल म्हणजे काळी विहीर ना?"

"नाव आहे मामा. एनव्हिडियाच्या चिपचं."

"तेच म्हणतोय. अमेरिका म्हणे ती चीनला द्यायला तयार नाही. आणि ती इंटेलवाल्यांची पँथर लेक. मागे कॉफी लेक होती, मग टायगर लेक. किती लेकी आहेत रे त्या माणसाला?"

मामांना हसण्यात अर्थ नाही. संगणकाच्या चिपांची नावं बाहेरच्या माणसाला खरोखरच वेड्यासारखी वाटतात. तळी, नद्या, चित्रकार, वादळं, बुलडोझर. त्यामागे काही कारणं अगदी रुक्ष आणि खरी आहेत. ती आधी सांगतो. मग माझा स्वतःचा एक सिद्धान्त मांडतो. तो सिद्ध झालेला नाही आणि होणारही नाही, पण पुरावे मात्र अस्सल आहेत.

घरातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव

चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा, त्यावर कोरलेले अब्जावधी सूक्ष्म स्विच. असा तुकडा कागदावरच्या कल्पनेपासून दुकानातल्या खोक्यात यायला तीन-चार वर्षं सहज लागतात. शेकडो, कधी हजारो इंजिनिअर त्यावर खपतात. या काळात त्याला काहीतरी हाक तर मारावी लागते. "ती आपली नवीन चिप" असं म्हणून भागत नाही, कारण एका वेळी पाच-सहा नवीन चिपा शिजत असतात.

म्हणून तिला एक घरगुती नाव देतात. हेच कोडनेम. आपल्याकडे बाळाला घरात बंड्या म्हणतात आणि शाळेच्या दाखल्यावर 'पुरुषोत्तम' लागतं, तसंच. इंटेलच्या घरात जी 'आल्डर लेक' होती, तिला बाजारात 'बारावी पिढी, कोअर आय-५' म्हणतात. बंड्या आणि पुरुषोत्तम एकच.

फरक एवढाच की चिपच्या बाबतीत एका बंड्याचे अनेक पुरुषोत्तम होतात. इंटेलने २०१५ साली आणलेल्या 'स्कायलेक' या एकाच रचनेतून पेंटियम निघाले, सेलेरॉन निघाले, कोअर आय-३ पासून आय-७ पर्यंत निघाले आणि सर्व्हरसाठीचे, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या संगणकांसाठीचे, झिऑनसुद्धा. कणीक एकदाच मळायची, त्यातून पोळ्या लाटायच्या, फुलके करायचे आणि उरलेल्या गोळ्याच्या पुऱ्या तळायच्या. कणीक मळणाऱ्याला पोळीचं नाव सांगून चालणार नाही, त्याला कणकेलाच नाव हवं.

पण मग सरळ नंबर का देत नाहीत?

मामांनी हे लगेच विचारलंच. बँकेत सगळ्या खात्यांना नंबर असायचे, कुणाचं अडलं नाही.

देत होते की! इंटेलच्या चिपांची नावं एके काळी निव्वळ आकडे होती. १९७८ मध्ये ८०८६, मग १९८२ मध्ये २८६, १९८५ मध्ये ३८६, १९८९ मध्ये ४८६. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकाचे क्लास केले त्यांना "फोर एटी सिक्स आहे का?" हा प्रश्न आठवत असेल.

घोटाळा १९९१ मध्ये झाला. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने आपली ३८६ बाजारात आणायचं ठरवलं. इंटेल कोर्टात गेली : '३८६' हे आमचं नाव. कोर्टाने सांगितलं, '३८६' हे आता या जातीच्या चिपचं सर्वसाधारण नाव झालंय, त्यावर असा हक्क सांगता येत नाही. हक्क म्हणजे ट्रेडमार्क, एखादं नाव आपल्या मालासाठी राखून ठेवण्याची कायदेशीर सोय. आकडा हा सगळ्यांचा. उद्या कुणी म्हणालं की 'सात' हा शब्द माझ्या मालकीचा, तर आठवडा कसा चालायचा?

त्यामुळे १९९३ मध्ये ५८६ ऐवजी 'पेंटियम' आलं. ग्रीक 'पेंटे' म्हणजे पाच. आपल्या 'पंच'चाच लांबचा भाऊ. इंटेलने आकडा सोडला नाही, त्याला फक्त ग्रीक धोतर नेसवलं.

एएमडीने काय केलं? त्यांनी आपल्या पाचव्या पिढीला 'के-५' म्हटलं. हा 'के' क्रिप्टोनाइटचा : सुपरमॅनला लुळं करणारा तो काल्पनिक दगड. सुपरमॅन कोण ते सांगायला नकोच.

गावाचं नाव कुणाच्या बापाचं?

बाजारातल्या नावाचा प्रश्न असा सुटला. घरातल्या नावाचं काय? तिथेही वकिलांची भीती होतीच. एखाद्याने गंमत म्हणून ठेवलेलं नाव बाहेर फुटलं आणि ते नेमकं दुसऱ्या कुणाचं निघालं तर दावा ठरलेला.

हे काल्पनिक नाही. १९९३ च्या सुमारास ॲपलने आपल्या एका संगणकाला (ही चिप नव्हे, अख्खा संगणक) आत 'कार्ल सेगन' असं नाव ठेवलं होतं. ते नाव छापून आलं आणि प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ सेगन यांनी हरकत घेतली. त्यात भर म्हणजे त्याच मालिकेतल्या दुसऱ्या दोन संगणकांची नावं 'पिल्टडाउन मॅन' आणि 'कोल्ड फ्युजन' अशी होती. एक विज्ञानातली गाजलेली लबाडी, दुसरा विज्ञानातला गाजलेला फुसका बार. अशा पंगतीत आपलं पान मांडलेलं कुणाला आवडेल? इंजिनिअरांनी नाव बदललं, पण बदलून ठेवलं 'बीएचए'. त्याचा अर्थ साधारण 'माठ खगोलशास्त्रज्ञ'. सेगन कोर्टात गेले, हरले, पुढे १९९५ मध्ये बाहेर तडजोड झाली. तोवर संगणकाचं नाव पुन्हा बदललं होतं : 'एलएडब्ल्यू', म्हणजे 'वकील हे भित्रे असतात'.

इंटेलच्या वकिलांना हे असले प्रकार परवडणारे नव्हते. त्यांनी सोपी वाट धरली. नकाशावर असलेल्या जागांची नावं घ्यायची. नदी दावा लावत नाही. तळं नोटीस पाठवत नाही.

आणि इंटेलचं मोठं ठाणं ऑरेगन राज्यात. तिथे नद्यांना तोटा नाही. क्लॅमथ (पेंटियम टू), डेशूट्स, विलॅमेट (पेंटियम फोर), टुआलाटिन, नेहेलम, या सगळ्या ऑरेगनच्या नद्या. एका नावाने लोकांना चकवलंही. १९९९ ची 'कॉपरमाइन' ऐकून वाटलं, आत तांब्याच्या तारा असणार. होत्या ॲल्युमिनियमच्या. कॉपरमाइन ही कॅनडातली नदी. तांबं आलं त्यानंतरच्या टुआलाटिनमध्ये.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गावावरून ओळख सांगण्यात आपला हात कोण धरणार? पुणतांबेकर, चिपळूणकर, मंगळवेढेकर. या हिशोबाने पाहिलं तर इंटेलच्या अलीकडच्या चिपा एकाच भावकीतल्या, सगळे तळेकर. आकाश तळेकर, कॉफी तळेकर, वाघ तळेकर. त्याआधी हॅसवेल आणि ब्रॉडवेल हे बारवकर. त्याही आधी सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज, हे पुलापलीकडचे.

सँडी ब्रिजची तर वेगळी गोष्ट आहे. इंटेलच्या इस्रायलमधल्या चमूने तिचं नाव आधी 'गेशर' ठेवलं होतं. हिब्रूत गेशर म्हणजे पूल. मग लक्षात आलं की त्याच नावाचा एक राजकीय पक्ष तिथे होऊन गेला आणि विरून गेला. नाव बदललं, पूल ठेवला.

आता माझा सिद्धान्त : ही नावं नसून रजेचे अर्ज आहेत

इथपर्यंतचं कुठेही वाचायला मिळेल. पण 'जागेचं नाव घ्या' एवढं सांगितल्यावर माणूस कुठली जागा निवडतो? तीन-चार वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत बसलेला माणूस आपल्या ऑफिसच्या गल्लीचं नाव देईल? तो देतो जिथे त्याला जायचं होतं आणि जाता आलं नाही त्या जागेचं. चिपचं कोडनेम म्हणजे साहेबांनी नामंजूर केलेली रजा.

पुरावा बघा. इंटेलची २००१ मध्ये आलेली इटॅनियम आत 'मर्सेड' म्हणून ओळखली जायची. मर्सेड ही कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यातून वाहणारी नदी, अमेरिकेतलं सहलीचं नावाजलेलं ठिकाण. ही चिप इतकी लांबली की त्या इंजिनिअरांच्या उन्हाळी सुट्ट्यांचं काय झालं असेल ते विचारू नका. इस्रायली चमूने २००३ मध्ये लॅपटॉपसाठी जी नामांकित चिप केली तिचं नाव 'बानियास'. हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी तिथे झरे आहेत, धबधबा आहे. मूळ नाव पॅन या ग्रीक देवावरून 'पानेआस', पण अरबीत 'प' नाही म्हणून 'बानियास' झालं. त्यांची आणखी एक चिप होती 'तिम्ना', दक्षिणेतल्या वाळवंटातल्या देखण्या दरीच्या नावाची. ती २००० मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाली. रजाही गेली, चिपही गेली.

एएमडीकडे या. त्यांच्या सर्व्हर चिपांचा क्रम वाचताना पर्यटन कंपनीची जाहिरात वाचल्यासारखं वाटतं : नेपल्स (२०१७), रोम (२०१९), मिलान (२०२१), जेनोआ (२०२२), मग बर्गामो, सिएना, तुरीन. संपूर्ण इटली, एकामागून एक मुक्काम. फक्त 'रोज संध्याकाळी वरण-भात' एवढं लिहायचं राहिलंय. घरगुती संगणकांच्या चिपा मातिस, रेन्वा, व्हर्मीर, सेझान, रेम्ब्रां, राफाएल. म्हणजे दुपारी संग्रहालय. सर्व्हर चिपांच्या त्याआधीच्या पिढीत बार्सिलोना, शांघाय, इस्तंबूल, मॅन्यी-कूर होतं. ही सगळी फॉर्म्युला वन शर्यतींची ठिकाणं.

इंटेलच्या तळेकरांत तर अख्खी शोकांतिका दडली आहे. चिपवरच्या रेघा किती बारीक हे नॅनोमीटरमध्ये सांगतात. आकडा जितका लहान तितकी नवी पिढी. दर दोनेक वर्षांनी तो खाली आणायचा हा इंटेलचा शिरस्ता. २०१४ मध्ये १४ नॅनोमीटर आलं, आणि पुढचं १० काही केल्या जमेना. मग त्याच १४ वर एकामागून एक पिढ्या काढणं सुरू झालं, डेस्कटॉपवर ते २०२१ पर्यंत चाललं. या काळातली नावं क्रमाने वाचा. २०१५ स्कायलेक : आकाशाकडे नजर. २०१७ कॉफी लेक : जागरणं. २०१८ व्हिस्की लेक. पुढे काही समजावून सांगायला हवं का?

"पण एनव्हिडिया तर शास्त्रज्ञांची नावं देते"

हा आक्षेप मामांचा, आणि वरवर पाहता बिनतोड. केप्लर, मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा, ट्युरिंग, अँपिअर, हॉपर. यात सहल कुठे आहे?

सहल नाही, पण रजा आहे. यादीची सुरुवात पाहा. १९९८ च्या सुमारास 'फॅरेनहाइट'. मग 'सेल्सिअस'. मग 'केल्विन'. मग 'रँकिन'. चारही तापमान मोजायच्या मापांची नावं. हा माणूस सहलीला जात नाहीये, याला ताप आलाय. ही आजारपणाची रजा. रँकिनच्या वेळी ताप चांगलाच चढला असणार, कारण २००३ च्या त्या पिढीतल्या एका ग्राफिक्स कार्डाचा पंखा आवाजासाठी इतका कुप्रसिद्ध झाला की लोक त्याची तुलना व्हॅक्यूम क्लीनरशी करत. पुढे २०१० मध्ये 'फर्मी' आली तीही बरीच तापायची. एन्रिको फर्मी यांनी १९४२ मध्ये शिकागोत पहिली अणुभट्टी चालवली होती, तेव्हा नाव चुकलं असं म्हणता येणार नाही.

आता मामांची काळी विहीर. डेव्हिड ब्लॅकवेल (१९१९–२०१०) हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, १९६५ मध्ये. संख्याशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने 'राव–ब्लॅकवेल प्रमेय' पाठ केलेलं असतं. त्यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव, २०२३ मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. प्रमेय थोडक्यात असं : तुमच्याकडे एक ओबडधोबड अंदाज असेल, तर हातातल्या माहितीचा नीट वापर करून तो आणखी चांगला करता येतो, वाईट होत नाही. राव यांनी ते १९४५ मध्ये मांडलं, ब्लॅकवेल यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे. एआयच्या चिपला याहून समर्पक नाव सापडणं कठीण, कारण एआय म्हणजे अंदाज सुधारत बसणंच. चिपवर निम्मं नाव लागलं, याची हळहळ मात्र मला वाटते.

एक बारकावा. एनव्हिडियाच्या या यादीत सगळे दिवंगत आहेत. पुढच्या पिढ्या रुबिन आणि फाइनमन, तेही. सेगन प्रकरणाचा धडा वाया गेलेला नाही.

"आणि ॲपलची वादळं? आणि बुलडोझर?"

ॲपलच्या मोबाइल चिपांमधल्या कोअरना, म्हणजे प्रत्यक्ष गणित करणाऱ्या भागांना, बरीच वर्षं वाऱ्यांची नावं असायची. सायक्लोन, टायफून, ट्विस्टर, हरिकेन. २०१७ च्या चिपमध्ये वेगवान कोअरचं नाव 'मान्सून' आणि वीज वाचवणाऱ्या कोअरचं 'मिस्ट्राल', म्हणजे दक्षिण फ्रान्समधला थंड वारा. मान्सून हे नाव आलं की लोणावळ्याची गर्दी, भाजलेलं कणीस आणि ओल्या मोज्यांचा वास मला वेगळा सांगावा लागत नाही. पावसाळी सहलीचा अर्ज. २०२० मध्ये 'फायरस्टॉर्म' आणि 'आइसस्टॉर्म' अशी जोडी आली. एक धडाडून काम करणार, दुसरा थंड डोक्याने. निदान नावावरून काम कळतं, हे या धंद्यात दुर्मीळ.

एएमडीचं बुलडोझर मला बरेच दिवस छळत होतं. २०११ मध्ये 'बुलडोझर', मग 'पाइलड्रायव्हर', मग 'स्टीमरोलर', मग २०१५ मध्ये 'एक्स्कॅव्हेटर'. सुट्टीला कोण बुलडोझर घेऊन जातं? मग एक दिवस घरात फरशीचं काम काढलं आणि उलगडा झाला. घराचं काम! गवंडी येणार आहे, तीन दिवस रजा हवी. काम चार वर्षं चाललं, जसं चालतंच. आणि ते आटोपल्यावर २०१७ मध्ये आलेल्या रचनेचं नाव काय? 'झेन'. घर बांधून झालेल्या प्रत्येकाला हा शब्द मनापासून पटेल.

गुप्त नाव असेल तर पेपरात कसं येतं?

कारण ते आता गुप्त राहिलेलं नाही. गुंतवणूकदारांना पुढच्या तीन वर्षांची वाट दाखवावी लागते, आणि ती दाखवताना बाजारातलं नाव ठरलेलं नसतं. शिवाय लिनक्ससारखी, जिचा मजकूर कुणीही वाचू शकतो अशी प्रणाली नव्या चिपवर पहिल्या दिवसापासून चालायला हवी, तर तयारीचा मजकूर आधीच त्यात घालावा लागतो. तिथे घरातलंच नाव असतं. उत्साही मंडळी तो चाळतच असतात. आता तर कंपन्याच कोडनेम मिरवतात, कारण 'पँथर लेक' लक्षात राहतं आणि खोक्यावरचा आकडा राहत नाही.

लॅपटॉप घेणाऱ्याला याचा काय उपयोग?

भरपूर. आपल्याकडे एका पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. दाखला बघून वय कळत नसे. खरं वय आजीला ठाऊक, "मोठ्या पुराच्या वर्षीचा हा."

चिपांचं अगदी तसंच. २०२३ मध्ये एएमडीच्या लॅपटॉप चिपांच्या दाखल्यावर सगळीकडे 'रायझन ७०००' होतं. सगळ्या नवीन, सगळ्यांचा जन्म १ जून. घरातली नावं विचारली की कळायचं. 'मेंडोसिनो' होती झेन-२ या २०१९ च्या रचनेवरची. 'फीनिक्स' होती झेन-४ या ताज्या रचनेवरची. दोन्हींच्या खोक्यावर 'रायझन ५' असू शकत होतं. फरक होता आकड्यातल्या तिसऱ्या अंकात. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन-२, ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन-४. हा अंक दुकानदार सांगत नाही, पुष्कळदा त्यालाच माहीत नसतो. तेव्हा लॅपटॉप घेताना मॉडेलचा पूर्ण आकडा लिहून घ्यावा, त्याचं कोडनेम शोधावं आणि ती चिप ज्या रचनेवर बेतलीय ती रचना पहिल्यांदा कुठल्या वर्षी आली ते पाहावं. आजीला विचारल्यासारखं.

आपल्या लोकांची नावं कुठे बसतात?

मामांचा शेवटचा प्रश्न. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' मालिकेत एका चिपचं नाव 'रिमो' आहे. रिमो हे काराकोरममधलं शिखर, तिथली हिमनदीही त्याच नावाची. सिद्धान्तात चोख बसतं. दुसरीचं नाव 'मौशिक'. मी ते गणपतीच्या रजेत धरलंय, मामांनीही मान्यता दिली. आयआयटी मुंबईच्या चिपचं नाव मात्र 'अजित'. तिथे माझा सिद्धान्त गप्प बसतो.

आणि एक चिप अशी आहे की जिने मला हा सगळा विचार करायला लावला. इंटेलच्या बंगळूरच्या चमूकडे झिऑन घराण्यातली एक मोठी चिप सोपवली होती. नाव ठेवायची वेळ आली. ऑरेगनवाल्यांनी नद्या घेतल्या, इस्रायलवाल्यांनी धबधबा घेतला. आमच्या मंडळींनी नाव घेतलं 'व्हाइटफील्ड'. बंगळूर पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. व्हाइटफील्ड म्हणजे आयटी पार्क आणि तिथे पोचायच्या रस्त्यावर बंद इंजिनात काढलेली सकाळ. आख्ख्या पृथ्वीचा नकाशा समोर असताना त्यांनी रोजच्या ऑफिसचा रस्ता निवडला.

चिप २००५ मध्ये रद्द झाली.

बंगळूरच्या चमूने पुढे सहा कोअरची आणखी एक चिप केली. ती २००८ मध्ये बाजारात आली. तिचं नाव डनिंग्टन. त्या नावाचं एक गाव इंग्लंडात यॉर्कजवळ आहे, व्हाइटफील्डपासून पुरेसं लांब.